वाळूतले माहेर

नवे काही करून पाहण्याचा विचार मनात आला की सामान्य कुटुंबाच्या डोळ्यांपुढे प्रथम खर्च उभा राहतो. नवा व्यवसाय म्हणजे भांडवल, नवी जागा म्हणजे स्थलांतर, नवा अनुभव म्हणजे दूरदेशीचा प्रवास, अशी आपली समजूत असते. आणि म्हणून ‘पुढे पाहू’ असे म्हणत अनेक घरांतील उमेद फडताळातल्या ठेवणीतल्या भांड्यांसारखी वर्षानुवर्षे झाकून राहते. कोकणच्या किनाऱ्यावरील एका लहानशा गावातील कुटुंबांनी मात्र ज्या वास्तूत राहत होते त्याच वास्तूत, ज्या चुलीवर शिजवत होते त्याच चुलीवर एक सर्वस्वी नवा प्रयोग करून दाखविला. त्या प्रयोगाच्या मुळाशी नफ्याचा हिशेब नव्हता. एका मुक्या जीवाची अंडी वाचविण्याचा तो खटाटोप होता. त्या गावाचे नाव वेळास.

सागर आणि आगर

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, सावित्री नदी जेथे समुद्राला मिळते त्या मुखाच्या दक्षिणेस वेळास वसले आहे. जवळच बाणकोटचा जुना किल्ला खाडीवर नजर ठेवून उभा आहे. खाडीच्या पलीकडे रायगड जिल्हा सुरू होतो आणि बागमांडला ते वेसवी अशी फेरीबोट माणसांना व वाहनांना अलीकडे आणून सोडते. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांच्या घराण्याचे हे मूळ गाव, एवढीच त्याची ओळख इतिहासाच्या वाचकांना एके काळी होती.

गावाची रचना कोकणातील इतर किनारी गावांसारखीच आहे. एका बाजूला डोंगर, मध्ये नारळी-पोफळीची आगरे, आगरांच्या सावलीत कौलारू घरे, पुढे सुरूची झाडे आणि त्यापलीकडे पुळण. घरासमोर सारवलेले खळे, मग पडवी, ओटी, माजघर आणि मागीलदारी विहीर. पिढ्यान् पिढ्या ही घरे नारळ, सुपारी आणि आंब्याच्या उत्पन्नावर चालत आली. शिकलेली मुले मुंबईला किंवा पुण्याला जात. मागे उरत ती वडीलधारी मंडळी, आगर आणि समुद्राची गाज. गणपतीत आणि मे महिन्यात घर भरे; एरवी माजघरातील मोठी भांडी पालथी असत.

वाळूत पुरलेले धन

हिवाळ्याच्या रात्री या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या अंडी घालण्यासाठी येतात. सुमारे दोन-अडीच फूट लांबीची, चाळीस किलोच्या आसपास वजनाची ही मादी पाण्यात चपळ असली तरी वाळूवर तिला एकेक हात अंतर कष्टाने कापावे लागते. भरतीच्या रेषेच्या वर येऊन ती मागील वल्ह्यासारख्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून जागा बुजवते आणि अंगाच्या भाराने ती थोपटून समुद्रात परत जाते. त्यानंतर ती त्या अंड्यांकडे पुन्हा कधीही येत नाही. कासवी केवळ दृष्टीने पिल्लांचे पोषण करते, अशी कल्पना संतवाङ्मयात वारंवार आढळते. समुद्री कासवीच्या नशिबी ते दृष्टिसुखही नाही. आपली संतती ती वाळूच्या आणि सूर्याच्या स्वाधीन करून जाते.

ही अंडी पूर्वी कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी पडत, आणि माणसाच्याही. वाळूवरील पावलांचा माग काढीत घरट्यापर्यंत पोहोचणे जाणकाराला अवघड नव्हते. कोणी ती खाण्यासाठी नेई, कोणी विकण्यासाठी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला कडक संरक्षण दिले असले, तरी रात्रीच्या निर्जन पुळणीवर कायद्याचा कागद कितीसा पहारा देणार? गावातील लोकांना त्यात काही वावगे करतो आहोत असे वाटतही नव्हते. जे पूर्वापार चालत आले तेच चालले होते.

२००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते भाऊ काटदरे यांच्या नेतृत्वाखाली समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करीत या भागात आले. वेळासच्या वाळूत त्यांना कासवांच्या अंड्यांच्या खुणा दिसल्या, चौकशी केली तेव्हा चोरीचा प्रकार कळला, आणि त्याच हंगामात त्यांनी संरक्षणाचे काम हाती घेतले. या कामातील शहाणपण असे की, अंडी काढणाऱ्यांना गुन्हेगार ठरवून त्यांनी गाव दुरावले नाही. ज्यांना वाळूवरच्या खुणा वाचता येतात, त्यांच्याच हाती राखणीचे काम सोपविले तर ते सर्वांत चांगले होईल, हे त्यांनी ओळखले. ग्रामपंचायत आणि वन विभाग यांची साथ मिळत गेली. गावातीलच माणसे ‘कासवमित्र’ झाली. जुने कौशल्य तेच राहिले; त्याचा हेतू तेवढा पालटला.

पहाटेचे काम

कासवमित्राचे काम दिसायला साधे, पण चिकाटीची कसोटी पाहणारे आहे. विणीच्या हंगामात त्याला अंधार असतानाच किनारा पायी तुडवावा लागतो. वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखा उमटलेला माग दिसला की घरटे शोधायचे, हाताने हळुवार वाळू बाजूला करायची आणि अंडी काढून कुंपण घातलेल्या उबवण केंद्रात न्यायची. तेथे मूळ घरट्याच्याच मापाचा व आकाराचा खड्डा खणून ती ठेवायची आणि तारीख, अंड्यांची संख्या यांची नोंद करायची. अंडी नेताना ती हिंदकळू किंवा उलटी होऊ द्यायची नाहीत, आणि हे सारे घालल्यापासून काही तासांत उरकायचे. कारण आत जीव धरू लागलेला असतो.

पुढचे पंचेचाळीस ते साठ दिवस वाट पाहण्याचे. वाळूच्या उबेवर अंडी वाढतात. पिल्लू नर होणार की मादी, हेही त्या उबेवरच ठरते. वाळू अधिक तापली तर माद्यांचे प्रमाण वाढते. पिल्ले बाहेर येण्याच्या सुमारास घरट्यावर टोपली पालथी घालतात. सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहायची. एखाद्या दिवशी वाळू किंचित खचलेली दिसते, मग त्यातून एक चिमुकले डोके वर येते, त्यामागून दुसरे, आणि पाहता पाहता टोपलीखाली वळवळणारा काळसर पुंजका जमतो.

पिल्लांना उचलून पाण्यात सोडीत नाहीत. पाण्यापासून काही अंतरावर त्यांना वाळूवर ठेवतात आणि चालू देतात. आपला किनारा ओळखण्याची खूण याच चालण्यात त्यांच्या शरीरात रुजत असावी, असे अभ्यासक मानतात. तळहातावर मावणारे ते पिल्लू लाटेपर्यंत पोहोचते, लाट त्याला मागे लोटते, ते उलटते, सावरते, पुन्हा चालू लागते. हजार पिल्लांतून एखादेच वयात येते, असा साधारण अंदाज आहे. अशा पिल्लाला वाटेत मदत करण्याची ऊर्मी पाहणाऱ्याच्या मनात दाटून येते; पण तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला हात मागे घ्यावा लागतो. मुले वाढविणाऱ्या आईवडिलांना हा संयम नव्याने शिकण्यासारखा आहे.

दार उघडणारी घरे

अंडी वाचू लागली, तरी गावाने हे काम आपले मानावे यासाठी गावाला त्यातून काही मिळणे आवश्यक होते. २००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी शहरांतून लोक येऊ लागले. पण गावात हॉटेल नव्हते. तेव्हा पाहुण्यांना घरातच उतरवून घ्यायचे ठरले.

आज ही गोष्ट साधी वाटते. त्या वेळी ती तशी नव्हती. कोकणातील घराला पाहुणा नवा नाही. परंतु पाहुणा म्हणजे नात्यातला, ओळखीचा, निदान ओळखीच्याची चिठ्ठी घेऊन आलेला. ज्याचे नाव-गाव ठाऊक नाही अशा माणसाला माजघरात झोपवायचे, त्याला आपल्या ताटातले वाढायचे आणि त्याबद्दल पैसे घ्यायचे, यातील शेवटची गोष्ट तर कित्येक गृहिणींच्या जिभेवर येईना. अन्नाचे मोल सांगायचे कसे? घरातील वृद्धांना सोवळ्याओवळ्याची काळजी, मुलाबाळांना संकोच, आणि सर्वांनाच एक प्रश्न: शहरातल्या माणसाला आपले हे आवडेल का?

ते आवडले, आणि मुख्यत्वे ते बदलले नव्हते म्हणूनच आवडले. पडवीत अंथरलेली सतरंजी, विहिरीचे पाणी, सकाळी तव्यावरचे घावन आणि ओले खोबरे, दुपारी फणसाची भाजी, कुळथाचे पिठले, गरम भात आणि सोलकढी, सणासारखा उकडीचा मोदक. बहुतेक घरांतील हे जेवण शाकाहारी आणि रोजच्या रांधण्याचे. शहरातील पाहुण्याने त्याचे कौतुक केले तेव्हा जे आपल्याला किरकोळ वाटत होते त्याला मोल आहे, हे गृहिणीलाही उमगले. आंबापोळी, कोकम, पोह्यांचे पापड यांना घरबसल्या गिऱ्हाईक मिळाले. आगराचा हिशेब बहुधा पुरुषाच्या वहीत असे. पाहुण्यांच्या जेवणाची कमाई मात्र जिच्या हाताला चव होती तिच्या हाती येऊ लागली. घराच्या भिंती जागच्या जागी राहिल्या आणि घरातील वजन मात्र थोडे सरकले.

या नव्या आधाराची किंमत २०२० मध्ये फार कठोरपणे कळली. त्या वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि ऐन हंगामात पाहुणे थांबले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. नारळ-पोफळीची उभी आगरे आडवी झाली, कौले उडाली. पोफळीचे रोप फळावर यायला पाच-सात वर्षे लागतात. म्हणजे एका दुपारी पडलेले झाड कुटुंबाच्या कित्येक वर्षांच्या उत्पन्नासह पडले. अशा वेळी जुना आणि नवा असे दोन आधार असण्याचे महत्त्व ध्यानात येते. आगर पुन्हा लावावे लागले. घर शाकारून पाहुण्यांसाठी उघडणे त्या मानाने लवकर साधणारे होते. कासवांनी मात्र आपला क्रम मोडला नाही. पुढच्या हिवाळ्यात त्या पुन्हा वाळूवर आल्या.

पाहुण्या कुटुंबाची परीक्षा

नवे शिकण्याची वेळ यजमानांवरच येते असे नाही. वेळासला जाणारे शहरी कुटुंबही एका परीक्षेला बसते. फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत पिल्ले बाहेर येतात, परंतु अमुक दिवशी येतीलच असे कोणी सांगू शकत नाही. पाच-सहा तासांचा प्रवास करून आलेल्या कुटुंबासमोर सकाळी टोपली उचलली जाते आणि खाली नुसती वाळू असते. संध्याकाळी पुन्हा तेच. बोटाच्या स्पर्शासरशी हवे ते पडद्यावर आणण्याची सवय झालेल्या मुलांना हा अनुभव अगदी अपरिचित असतो. ‘कधी?’ या प्रश्नाला ‘त्यांची वेळ झाली की’ एवढेच उत्तर मिळते. अशा वेळी चिडचिड करावी की वाट पाहण्यातही आनंद शोधावा, हे मूल वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ठरविते.

वाट पाहताना शिकण्यासारखे पुष्कळ असते. भरती-ओहोटीचेच उदाहरण घ्यावे. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि प्रत्येक दिवशी तिची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण येते, अष्टमीच्या सुमारास त्याचा जोर ओसरतो. किनाऱ्यावरील आजोबा तिथी सांगून पाण्याची वेळ सांगतात, तेव्हा भिंतीवरचे पंचांग केवळ उपवासासाठी नसून आकाश आणि समुद्र यांचे ते वेळापत्रकही आहे, हे नातवंडांना प्रथमच कळते. तिथी पाळणाऱ्या घरांतील मुलांना तर चंद्राची ही बाजू अधिकच जवळची वाटेल.

ज्या कुटुंबांत कंदमुळे वर्ज्य आहेत, सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा नेम आहे, त्यांना प्रवासात नेहमीच संकोच वाटतो. घरगुती यजमानाला आधी कळविले तर अशी अडचण सहज दूर होते. हॉटेलच्या छापील यादीपेक्षा चुलीपाशी बसलेल्या माउलीला आपला नेम समजावणे सोपे असते. पिल्ले सोडण्याची संध्याकाळची वेळ आणि सूर्यास्त यांची गाठ पडते, एवढे ध्यानात ठेवून आधीच ठरवावे. विसावे तीर्थंकर भगवान मुनिसुव्रतनाथ यांचे लांछन कासव आहे. मूर्तीच्या पीठावर मुलांनी पाहिलेले ते शांत चिन्ह वाळूवर जिवंत होऊन समुद्राकडे धावताना दिसावे, आणि त्याला स्पर्शही न करता दुरून वाट मोकळी करून द्यावी, यापेक्षा जीवदयेचा सोपा पाठ कोणता असू शकेल?

मर्यादवेल

पुळणीच्या वरच्या कडेला जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली असते. तिला मर्यादवेल म्हणतात. समुद्राची मर्यादा जेथे संपते तेथे ती उगवते आणि सुटी वाळू आपल्या मुळांनी बांधून ठेवते. वेळासच्या प्रयोगापुढचा आजचा प्रश्न हाच आहे: मर्यादा कोणी आणि कोठे आखायची?

पाहुणे वाढले की खोल्या वाढवाव्याशा वाटतात. कौलांच्या जागी स्लॅब येतो, अंगणात दिव्यांची रोषणाई येते, रात्री गाणी मोठ्याने वाजू लागतात. अंड्यातून निघालेले पिल्लू क्षितिजावरील उजेडाच्या दिशेने चालते. किनाऱ्यामागे प्रखर दिवे असले तर ते समुद्राऐवजी वस्तीकडे वळते. ज्याच्यामुळे पाहुणे आले, त्यालाच पाहुण्यांच्या उजेडाने वाट चुकावी, असा हा पेच आहे. म्हणून दोरीच्या मागे उभे राहणे, फ्लॅश न वापरणे, पिल्लांना हात न लावणे, किनाऱ्यावर कचरा न टाकणे, हे नियम कडक असतात. यजमानाच्या घरी वातानुकूलन का नाही, असे विचारणारा पाहुणा आणि पंख्याच्या वाऱ्यावर समाधानाने झोपणारा पाहुणा, यांपैकी कोण अधिक येतात, यावर त्या गावाचा चेहरा उद्या कसा राहील हे अवलंबून आहे. परिग्रहाला मर्यादा घालण्याचा विचार घरात ऐकणाऱ्यांनी तरी आपली गणना दुसऱ्या प्रकारात व्हावी, याची काळजी घ्यावी.

परतीची वाट

जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसविण्यात आले. तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले गेले. डोंगर आणि समुद्र यांच्यामधील त्या गावाला आपल्या लेकीची खबर प्रथमच आकाशातून मिळू लागली. कासवाच्या मादीला वयात यायला पंधरा-एक वर्षे लागतात, आणि ती अंडी घालण्यासाठी बहुधा आपल्या जन्माच्या किनारपट्टीकडेच परतते. बाळंतपणासाठी माहेरी येणारी लेक मराठी घराला अनोळखी नाही. २००२ मध्ये ज्यांना वाचविले, त्यांतील कोणी आज आई होऊन याच वाळूत येत असेल, हा विचार कासवमित्राला पहाटेच्या थंडीत उठविण्यास पुरेसा असावा.

पण निसर्ग आपल्या समजुतीतही अडकून पडत नाही. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर जिच्या पायाला धातूची पट्टी लावली होती, अशी एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्वेच्या सागरातून पश्चिमेच्या सागरात येऊन तिने दुसरी वाळू आपली मानली. जुन्या वाटेवर निष्ठा ठेवणारे जीव आणि नवी वाट धरणारे जीव एकाच समुद्रात सुखेनैव राहतात.

कुटुंबालाही या दोन्ही प्रकारच्या माणसांची गरज असते. आगर राखणारे आजोबा हवेत आणि अनोळखी पाहुण्याला दार उघडणारी सूनही हवी. वेळासच्या घरांनी या दोघांना एकाच चुलीभोवती बसविले. आपल्या घरातही एखादे पालथे पडलेले मोठे भांडे असेल, एखादी कला, एखादी रिकामी खोली, आजीच्या हातची एखादी चव, किंवा मुलाच्या मनातील एखादा अर्धा राहिलेला विचार. येत्या सुटीत समुद्राकाठी जाता आले तर जावेच. न जमले तरी ते भांडे एकदा सुलटे करून पाहण्यास काय हरकत आहे?